हिरड्यांतून रक्त येतंय? दात घासताना या चुका टाळा

ब्रशवर किंवा चुळीच्या पाण्यात रक्त दिसलं की बरेच जण त्या जागी ब्रश लावायचंच सोडून देतात. दातांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक मला हीच वाटते. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचतो आणि हिरडी सुजते, म्हणून रक्त येतं. तिथे घासणं थांबवलं की थर वाढतो आणि सूजही वाढते. म्हणून ब्रशचे केस हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत तिरके टेकवा आणि हलक्या हाताने, छोट्या हालचालींनी नेमकी तीच जागा साफ करा. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरू नका. एक-दोन आठवड्यांत ते कमी झालं नाही, तर दंतवैद्यांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तसं त्यांना सांगा, मनाने गोळी बंद करू नका. आणि तंबाखू किंवा सिगारेट घेणाऱ्यांनी 'मला तर रक्त येत नाही' यावर विसंबू नये. धूम्रपानामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि आजार झाकलेला राहतो.

हिरडी नुसती सुजलेली असते, त्या टप्प्यावर ती पूर्ण बरी होते. दुर्लक्ष झालं तर दाताभोवतीचं हाड झिजायला लागतं, ज्याला लोक पायोरिया म्हणतात, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

प्रश्न तोंडापुरता राहत नाही, तो असा. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात: साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. हृदयविकार आणि हिरड्यांचा आजार एकाच माणसात बरेचदा आढळतात. एकामुळेच दुसरा होतो हे मात्र सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे 'दात घासा, हार्ट अटॅक टाळा' अशा दाव्यांना भुलू नका. ज्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे त्यांना धोका खरा आहे, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. दातांच्या कोणत्याही उपचाराआधी झडपेबद्दल सांगायलाच हवं.

घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर त्यांच्या तोंडाची सफाई शेवटचं काम समजू नका. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. दात उरले नसले तरी हिरड्या आणि जीभ रोज पुसा, आणि कवळी रात्री काढून ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. रात्री न घासता झोपणं: झोपेत लाळ कमी सुटते आणि कीड लागायला मोकळं रान मिळतं. कडक ब्रशने जोर लावून घासणं: त्याने हिरडी खाली सरकते, दात झिजतात आणि ठणका लागतो. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच घासणं: अर्धा-पाऊण तास थांबा, तोवर साध्या पाण्याने चूळ भरा. घासून झाल्यावर मात्र भरपूर पाण्याने खळखळून चूळ भरू नका. नुसतं थुंका, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहतं. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही, तिथे फ्लॉस (फटीतून फिरवायचा बारीक दोरा) किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश हवा.

स्केलिंगने, म्हणजे दातांवरचा घट्ट थर दंतवैद्यांकडून काढून घेतल्याने, दात हलायला लागतात ही भीतीही काढून टाका. घट्ट झालेला थर ब्रशने निघत नाही, तो दंतवैद्यांनाच काढावा लागतो. नंतर दात हलते वाटले, तर आधीच झिजलेला आधार तेव्हा उघडा पडलेला असतो.

दातदुखीबरोबर गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होत असेल, तर वेदनाशामक गोळीवर दिवस काढू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वासाला अडथळा वाटला तर थेट इमर्जन्सी विभागात जा.