घरी रेसिंग सेलिंग कनू बनवताय? मग आधी सीटचं बघा, हलचं नंतर

सगळ्यांचं असंच होतं, इंटरनॅशनल कनू, म्हणजे एकट्याने चालवायची शिडाची रेसिंग होडी, हिचा फोटो बघितला की तो सुईसारखा हल, म्हणजे होडीचं मूळ धड, डोळ्यात भरतो आणि डोक्यात लगेच इपॉक्सी, कार्बन, सीडरच्या पट्ट्या सुरू. माझंही तेच झालं, पहिले कित्येक महिने हलवरच घातले. पण खरं सांगू का, या बोटीत हल हे त्यातल्या त्यात सोपं काम आहे. डोकं खाते ती बाहेर सरकणारी सीट, म्हणजे होडीवर आडवी बसवलेली, दोन्ही बाजूंना सरकणारी फळी. नव्या नियमात हल ५.२ मीटर लांब, रुंदी किमान ७५ सेंमी, वजन किमान ५० किलो, आणि वर १० चौरस मीटर शीड, सांभाळणारा माणूस एकटा. म्हणजे सगळा तोल त्या एका फळीवर. ही आयडिया १८८० च्या दशकातली, पॉल बटलर नावाच्या अमेरिकन माणसाची, आणि अजूनही तिच्याशिवाय ही बोट चालत नाही.

तर आधी सीटचं गणित. समजा तुमचं वजन ८० किलो आणि तुम्ही मधल्या रेषेपासून १.८ मीटर बाहेर बसलात. हलची कड मधल्या रेषेपासून साडेसदतीस सेंमीवर, म्हणजे फळीचं जवळपास १.४ मीटर निव्वळ हवेत, आणि त्या कडेपाशी फळीला वाकवणारा जोर येतो साधारण ११०० न्यूटन-मीटर. हे स्थिर बसल्यावर. लाटेवर आपटलात की तो सहज दुप्पट होतो. म्हणून फळी भरीव नको, पोकळ पेटीसारखी करा, बाजूला प्लायवुड आणि वर-खाली सगळे धागे एकाच दिशेने असलेलं कार्बन. वरचा थर ताणला जातो, खालचा दाबला जातो, आणि कार्बन दाबात लवकर मार खातं, तर खालच्या थरात कंजूसपणा करू नका. माझी पहिली फळी खालूनच गेली, आधी नुसता करकर आवाज आणि पुढच्या क्षणाला मी पाण्यात. आता नवीन फळी झाली की आधी जमिनीवरच टेस्ट करतो, फळी ज्यातून डावी-उजवीकडे सरकते ते कॅरेज मजबूत बाकाला बोल्टने आवळायचं आणि टोकाला आपल्या दुप्पट वजनाची वाळूची पोती. तुटायचंच असेल तर तिथंच तुटू दे.

आता हे कॅरेज. त्यात फट इतकीच ठेवा की ओली फळीसुद्धा एका धक्क्यात पार जाईल, घट्ट झालं की टॅक मारताना, म्हणजे नाक वाऱ्यातून वळवून शीड दुसऱ्या बाजूला घेताना, अडकते आणि मग होडी उलटलीच. कॅरेज पुढे-मागे सरकेल अशा रूळांवर बसवता आलं तर उत्तम, वारा मागून असताना नाक लाटेत घुसायला लागलं की सीटसकट मागे जाता येतं.

आता हल. साधारण ४० सेंमीवर एकेक साचा उभा करायचा, कडांना टेप लावायची नाहीतर पट्ट्या साच्यालाच चिकटून बसतात, मग ६ मिलीच्या सीडरच्या पट्ट्या, आणि आतून-बाहेरून चौरस मीटरला २०० ग्रॅमचं ग्लास (काचेच्या धाग्यांचं) कापड. वजनाचा अंदाज आधीच काढा. सीडर चौरस मीटरला सव्वादोन किलो, आणि हाताने लावताना इपॉक्सी रेझिन कापडाच्या वजनाइतकंच जायला हवं, त्याच्यावर जे जातं ते नुसतं ओझं. रेझिनचा प्रत्येक घाणा तराजूवर मोजूनच बनवा, आणि थोडा थोडा, मोठ्या डब्यात ठेवला की तापून धूर निघतो. वाळल्यावर वर मेणचट थर आला तर तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मगच सँडिंग, नाहीतर तो थर पेपरमध्ये भरतो आणि पुढचा कोट धरत नाही. ग्लोव्ह्ज आणि मास्क न घालता हे काम करणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की आयुष्यभर मागे लागते. शेवटी यूव्हीवाला व्हार्निश किंवा पेंट हवाच, नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि भुसभुशीत होतं.

मेंटेनन्स फार नाही पण टाळू नका. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने धुवा, मुख्य म्हणजे कॅरेज, कारण वाळूचे चार कण फळीला रेघोट्या पाडतात. हलच्या पोकळीचं बूच उघडं ठेवूनच बोट उन्हात ठेवा, बंद पोकळीतली हवा तापून फुगते आणि जोड उकलतात. कार्बनला ॲल्युमिनियमची फिटिंग थेट लावू नका, मीठ लागलं की ॲल्युमिनियम गंजून झिजतं, मध्ये ग्लासचा एक थर द्या. मास्टच्या तारांवरून कपडा फिरवा, कुठं अडकला तर तिथली एक तार तुटलीय, बदलून टाका.

रेसिंगला जायच्या आधी नुसते टॅक मारा, शंभर तरी. आत या, फळी दुसऱ्या बाजूला ढकला, बूमखालून (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून) जा, बाहेर सरका, आणि या सगळ्यात सुकाणू हातातून सुटू द्यायचं नाही. सेल्फ-टॅकिंग जिब, म्हणजे टॅकमध्ये आपोआप बाजू बदलणारं पुढचं शीड, लावला तर एक दोरी कमी होते, नवख्याने लावावाच. चांगला टॅकसुद्धा बराच वेग खातो म्हणून कमी टॅकमध्ये मार्कला (रेसमधल्या वळणाच्या खुणेला) पोचवणारा रस्ता निवडा, आणि होडीचं नाक वाऱ्याच्या दिशेच्या फार जवळ नेऊ नका, थोडं मोकळं पळवलं तर ही बोट जास्त कमावते. स्टार्टच्या रेषेवर थांबून राहणं हिला जमत नाही, वेग नसला की डगमगते, तेव्हा शेवटच्या मिनिटाला मागून चालत्या वेगात या, आणि शक्यतो स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून येत असताना, कारण पोर्टवाल्याला (ज्याला वारा डावीकडून येतो त्याला) बाजूला व्हावंच लागतं.

आणि फिनिश लाइन ओलांडली की खुशीत शीट, म्हणजे शीड आवरणारी दोरी, सोडू नका. आधी आत सरका, मग शीट. तुम्ही बाहेर फळीवर आणि शिडातला जोर अचानक गेला, की होडी तुमच्याच अंगावर येते, मी हे बघणाऱ्यांच्या समोर करून दाखवलंय, तेही दोनदा.