कॅबिनेटच्या पंख्याचा आवाज : या चुका टाळा

संगणक आवाज करू लागला की बहुतेक लोक दोनच गोष्टी करतात. एक तर घरात असेल त्या तेलाची बाटली काढतात, नाही तर नवा पंखा मागवून मोकळे होतात. नाशिकमध्ये संगणक दुरुस्त करताना मूळ बिघाड क्षुल्लक आणि त्यावर घरी झालेला उपचार भारी, असा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की कॅबिनेट समोर आले की "आवाज कसा येतो?" हे मी नंतर विचारतो, पहिला प्रश्न "आतापर्यंत काय काय करून पाहिले?" हाच असतो. या प्रश्नावर समोरचा माणूस इकडेतिकडे पाहू लागला, तर मी आधी पंख्यामागचे स्टिकर तपासतो.

दिसेल ते तेल घालणे

पंख्याच्या मागच्या बाजूला मधोमध एक गोल स्टिकर असते. ते सोलले की कधी रबरी टोपण, तर कधी थेट दांड्याचे टोक दिसते, आणि ते दिसताच माणसाला आपली जुनी सायकल आठवते. स्वस्त पंख्यांमध्ये साधे स्लीव्ह बेअरिंग असते, म्हणजे तेल मुरवलेल्या सच्छिद्र धातूच्या नळीत दांडा फिरतो आणि दोहोंच्या मध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो. उष्णतेने हे तेल हळूहळू आटते, त्यात धूळ मिसळून चिकटा तयार होतो आणि मग सकाळी संगणक चालू करताना घरघर ऐकू येते, जी पंखा तापल्यावर कमी होते. या एकाच प्रकारच्या पंख्याला तेलाने थोडा आराम पडतो. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग, म्हणजे ज्यात दांडा द्रवाच्या दाबावर तरंगत फिरतो ते, बंदिस्त असते, त्यामुळे बाहेरून टाकलेला थेंब जिथे हवा तिथे पोहोचतच नाही. आणि बॉल बेअरिंगचे छर्रे झिजून करकर सुरू झाली असेल, तर तेलाने झिजलेला धातू परत येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कर सल्लागारांचा संगणक माझ्याकडे आला. रोज सकाळी तो चालू केला की काही सेकंदांच्या अंतराने "टक्… टक्" असा आवाज येई आणि अर्ध्या-पाऊण तासाने तो आपोआप थांबे. हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजत आहे, असे धरून त्यांनी नवी डिस्क घेतली, दोन दिवस खपून सगळ्या अशिलांच्या फायली तिच्यावर हलवल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या डिस्कसह तोच टक्-टक् पुन्हा सुरू झाला. माझ्याकडे संगणक दुपारी आला आणि दुपारी तो साधूसारखा शांत होता. दुसऱ्या दुपारीही तेच. शेवटी मी तो रात्रभर दुकानात ठेवला आणि सकाळी शटर उघडल्याबरोबर चालू केला. मागचा पंखा एक हिसका देई, थांबे, थोड्या वेळाने पुन्हा हिसका देई. अडकलेल्या पंख्यातले सर्किट मोटर जळू नये म्हणून वीज तोडते आणि काही सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करते. तो प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक "टक्" होता.

स्टिकर आधीच सैल झालेले होते. त्याच्याखाली तुपासारखा पांढरा गोळा होता. दिवाळीच्या साफसफाईत पंखा घरघरतो म्हणून साहेबांनी स्वतःच त्यात खोबरेल तेल सोडले होते. खोबरेल साधारण २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, हे हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घरात ठाऊक असते, आणि नाशिकला जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. तेल पंख्यात गेले म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची ऊब मागच्या पंख्यापर्यंत पोहोचून तेल वितळेपर्यंत पंखा अडून राही. नव्या डिस्कचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

गंज सोडवण्याच्या स्प्रेची गोष्टही वेगळी नाही. तो मुख्यतः द्रावक असतो. उरलेसुरले वंगण धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो, म्हणून पंखा चार दिवस गप्प राहतो आणि पाचव्या दिवशी आधीपेक्षा मोठ्याने ओरडतो. अगदीच निरुपाय असेल तर मी शिलाई मशीनचे तेल वापरतो, तेही एक थेंब, फार तर दोन, आणि स्टिकर परत लावण्याआधी कडेचे तेल पूर्ण पुसून घेतो, कारण तेलकट जागेवर स्टिकर धरत नाही आणि मग तेल फिरत्या पात्यांवरून सगळ्या कॅबिनेटभर उडते. याला मी दुरुस्ती म्हणत नाही. नवा पंखा हातात पडेपर्यंतची ती सोय आहे.

आवाज कोणाचा हे न पाहता पंखा बदलणे

एका कॅबिनेटमध्ये पुढचे आणि मागचे पंखे, प्रोसेसरवरचा, ग्राफिक्स कार्डावरचे आणि एसएमपीएसमधला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातला, असे सहा-सात पंखे सहज असतात, शिवाय फिरणारी हार्ड डिस्क असते ती वेगळीच. पत्र्यातून कंपन सर्वत्र पसरत असल्यामुळे कान हमखास फसतो. माझी सवय अशी, की बाजूचे झाकण काढून, संगणक चालू ठेवून, कॅबिनेटच्या एकेका पंख्याच्या मधल्या टोपीवर बोट हलके टेकवून तो दोन-तीन सेकंद थांबवायचा आणि ऐकायचे. पात्यांना हात लावायचा नाही, आणि ग्राफिक्स कार्डाच्या किंवा प्रोसेसरच्या पंख्यावर हा प्रयोग करायचा नाही. ज्याला बोटाची खात्री नाही त्याने संगणक बंद करून एका वेळी एकाच पंख्याची पिन काढावी आणि पुन्हा चालू करावा. यात पंधरा मिनिटे जातात. ही पंधरा मिनिटे कोणालाच द्यायची नसतात. चार दिवस पार्सलची वाट पाहायला मात्र सगळे तयार असतात.

आवाजाची जातही बरेच काही सांगते. वेगाबरोबर वाढणारी तालबद्ध टकटक बहुधा पात्याला लागणाऱ्या वायरची असते. खेळ सुरू केल्यावर येणारा आणि पडद्यावरच्या दृश्यानुसार बदलणारा चिरका आवाज ग्राफिक्स कार्डावरच्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, असतो. त्यासाठी पंखे बदलणे म्हणजे दात दुखतो म्हणून चष्मा बदलणे. "घूंऽ… घूंऽ… घूंऽ" असा लाटांसारखा चढउतार करणारा आवाज आला, तर एकही पंखा बिघडलेला नसण्याची शक्यता मोठी. सात पात्यांचे दोन पंखे, एक मिनिटाला १२०० आणि दुसरा १२३० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पात्यांमुळे निघणाऱ्या स्वरांची वारंवारता अनुक्रमे १४० आणि १४३.५ हर्ट्झ होते, आणि दोन्हींच्या मिलाफातून सेकंदाला साडेतीन हेलकावे ऐकू येतात. दोन तंबोरे किंचित बेसूर लागल्यासारखेच हे आहे. यावर उपाय म्हणजे एका पंख्याचा वेग मुद्दाम शंभर-दीडशे फेऱ्यांनी कमी करावा, म्हणजे हेलकावे इतके जलद होतात की ते लाटांसारखे जाणवत नाहीत.

तीन पिना आणि चार पिना यांची गल्लत

ही चूक मला तेलापेक्षाही अधिक चीड आणते, कारण ती दुरुस्त करायला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. मदरबोर्डावरच्या हेडरला, म्हणजे पंख्याची वायर जिथे जोडतात त्या जागेला, हल्ली बहुधा चार पिना असतात आणि त्यावर तीन पिनांचा पंखा निमूट बसतो, म्हणून जोडणाऱ्याला वाटते की काम झाले. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून येणारा पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारा, संकेत त्याचा वेग ठरवतो. तीन पिनांच्या पंख्याला ही चौथी तारच नसते. त्याचा वेग फक्त व्होल्टेज कमी करून, म्हणजे डीसी पद्धतीने, उतरवता येतो. हेडर पीडब्ल्यूएमवर ठेवलेला असेल तर तीन पिनांचा पंखा पूर्ण १२ व्होल्टवर रात्रंदिवस पळत राहतो, मग संगणकावर खेळ चालू असो की नुसते घड्याळ.

अभियांत्रिकीला असलेल्या एका मुलाने स्वतः जुळवलेला संगणक आणला होता. त्याने पंख्यांचे दोन संच "फार आवाज करतात" म्हणून परत केले होते आणि तिसऱ्यावर त्याचा भडका उडाला होता. मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, शिरलो, तीनही हेडर पीडब्ल्यूएमवरून डीसीवर आणले आणि बाहेर आलो. खोली एकदम शांत झाली आणि तोही. परत केलेल्या दोन्ही संचांत काहीच खोट नव्हती, हे मी त्याला सांगितले नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

पंखा कोणत्या पद्धतीचा हे मदरबोर्डाला स्वतः ओळखू देणाऱ्या "ऑटो" पर्यायावर विसंबून राहू नये, असे माझे मत आहे. तो पुष्कळदा बरोबर ओळखतो, पण चुकतो तेव्हा सांगत नाही. डीसीवर आणल्यानंतर वेग एकदम तळाला नेऊ नये, कारण फिरत्या पंख्याला फिरत राहायला जेवढे व्होल्टेज पुरते त्यापेक्षा थांबलेल्याला सुटायला अधिक लागते. मी वेग हळूहळू खाली आणतो, पंखा कुठे थांबतो ते पाहतो, मग तो नक्की कुठे सुटतो ते पाहतो आणि त्याच्या थोडे वरच कायमचा तळ ठरवतो. उलट बाजूने, चार पिनांचा पंखा डीसीवर चालतो खरा, पण कमी व्होल्टेजवर काही पंखे टिकटिक करतात; त्याला पीडब्ल्यूएमच द्यावे.

आणि ज्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांचे पंखे एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनांच्या, म्हणजे मोलेक्स जोडणीवर लावून येतात, तिथे बायोसमध्ये काहीही शोधू नये. त्या पंख्यांचा मदरबोर्डाशी वेगाचा संबंधच नसतो. ते बदलावेत किंवा आवाज सहन करावा.

वेगाचा आलेख तापमानाला चिकटवणे

ब्राउझर उघडला की प्रोसेसरचे तापमान एका क्षणात १५-२० अंश उडी मारते आणि दुसऱ्या क्षणी खाली येते. कॅबिनेटचे पंखे त्याच तापमानावर नाचत असतील, तर ते दर मिनिटाला धापा टाकतात. कानाला सततच्या मोठ्या आवाजापेक्षा हा चढउतार जास्त छळतो. मी कॅबिनेटचे पंखे मदरबोर्डाच्या तापमानाशी बांधतो, बायोसमध्ये वेग बदलण्यातला विलंब जेवढा मिळेल तेवढा वाढवतो आणि ज्यांना प्रोसेसरशीच बांधायचे असेल त्यांना ६० अंशांपर्यंत आलेख सपाट, म्हणजे पंख्याचा वेग एकसारखा, ठेवायला सांगतो. हे सारे बायोसमध्येच करावे. विंडोजवरची दोन-दोन नियंत्रण सॉफ्टवेअरे एकाच पंख्यासाठी भांडताना मी पाहिली आहेत.

पंखे कमी केले की आवाज कमी होईल, हा हिशेबही उलटा आहे. सारख्या दोन पंख्यांचा एकत्रित आवाज एकापेक्षा जेमतेम ३ डेसिबल जास्त असतो, पण पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबल उतरतो. म्हणून एक धावणारा पंखा ठेवण्यापेक्षा दोन चालणारे बरे, आणि जागा असेल तर १२० मिलिमीटरऐवजी १४० मिलिमीटरचे.

काही लहान चुका एका दमात सांगतो. ब्लोअरने धूळ उडवताना पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडलेली पाती मर्यादेबाहेर वेगाने फिरून बेअरिंग खराब करतात, आणि तो गमतीदार शिट्टीचा आवाज ऐकायचाच असेल तर शिट्टी विकत घ्यावी. स्क्रू कचकचीत आवळू नयेत. पंख्याची चौकट पिळली जाते आणि पाती घासतात. खडखड पत्र्याची वाटली तर स्क्रू काढून रबरी पिना लावाव्यात. उलटा बसवलेला पंखा ओळखायला बाण शोधत बसू नये. मोटर धरणाऱ्या दांड्या ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. साधे स्लीव्ह बेअरिंग असलेला पंखा कॅबिनेटच्या छताला आडवा टांगू नये. एसएमपीएस कधीही उघडू नये, मग त्याचा पंखा कितीही ओरडो. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरांत भार राहतो.

पुढची जाळी राहिली. तिच्यावर धूळ बसली की आत येणारी हवा कमी पडते, तापमान चढते, पंखे वेग घेतात आणि लोक पंख्याला शिव्या देतात. देवघराच्या खोलीत किंवा स्वयंपाकघराला लागून ठेवलेल्या संगणकाची जाळी उदबत्तीच्या काजळीने आणि फोडणीच्या वाफेने चिकट होते, ती नुसत्या ब्रशने निघत नाही. ती काढून साबणाच्या पाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. मी स्वतः ती दर दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी धुतो आणि दुपारपर्यंत दोरीवर टांगून ठेवतो. तोपर्यंत संगणक बंद असतो.