मुस्लीमबहुल देशातलं महिला प्रतिनिधित्व कसं तपासावं

संसदेत महिला किती टक्के आहेत, हा आकडा सर्वात आधी हाती लागतो आणि सर्वात जास्त फसवतो. या विषयावर लिहिताना ‘मुस्लीम देशांत’ अशी सरसकट सुरुवात झाली असेल तर ती खोडा. सेनेगलमध्ये २०१२ साली १५० पैकी ६४ जागांवर महिला निवडून आल्या. कतारच्या शूरा परिषदेच्या (तिथल्या सल्लागार कायदेमंडळाच्या) २०२१ च्या निवडणुकीत ३० पैकी एकाही जागेवर महिला आली नाही. पुढे अमीरांनी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांनी, दोघींची नेमणूक केली. एका वेळी एकच देश घ्या आणि त्याचा निवडणूक कायदा वाचा. संविधानातलं समानतेचं कलम वाचून फारसं काही कळत नाही.

आधी आकड्याची फोड करा: थेट लढून आलेल्या किती, राखीव जागांवरच्या किती, नेमलेल्या किती. सौदी अरेबियात २०१३ मध्ये शूरा परिषदेच्या १५० पैकी ३० जागा महिलांना मिळाल्या, पण तिथे सगळेच सदस्य राजा नेमतो. संयुक्त अरब अमिरातीच्या ४० सदस्यांच्या राष्ट्रीय परिषदेत २०१९ पासून निम्म्या महिला आहेत. मात्र निम्म्या जागा नेमणुकीच्या, आणि उरलेल्यांसाठी मतदान करणारे कोण, तेही राज्यकर्तेच ठरवतात.

पाकिस्तानात फोड जास्त काळजीने करावी लागते. राष्ट्रीय सभेच्या ३३६ जागांत २६६ सर्वसाधारण, ६० महिलांसाठी राखीव आणि १० बिगर-मुस्लिमांसाठी. साठ जागांवर मतदार मत देत नाही. पक्ष आधीच क्रमवार यादी देतात आणि जिंकलेल्या सर्वसाधारण जागांच्या प्रमाणात त्यातली नावं घेतली जातात. यादीतला क्रम पक्षनेतृत्वाच्या हातात, त्यामुळे ती सदस्य मतदारसंघापेक्षा नेतृत्वाला बांधलेली राहते. म्हणून ती केवळ शोभेची, असं मात्र लिहू नका. अ‍ॅसिड हल्ल्यांविरुद्ध २०११ साली जो कायदा झाला, त्याचं विधेयक मांडणाऱ्या मारवी मेमन राखीव जागेवरूनच आल्या होत्या. सर्वसाधारण जागा लढवून जिंकलेल्या महिलांचा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. काळ पुढे सरकताना तो वाढतो की नाही, हे जास्त बोलकं आहे.

यादी पद्धत असेल, म्हणजे मत पक्षाच्या यादीला पडून जागा वरच्या नावांपासून वाटल्या जात असतील, तर खरी गोम यादीतल्या नावाच्या क्रमात असते. ट्युनिशियात २०११ साली प्रत्येक यादीत पुरुष-स्त्री आलटून-पालटून ठेवणं सक्तीचं होतं, म्हणजे उमेदवारांत निम्म्या महिला. निवडून आल्या त्या २१७ पैकी जेमतेम पाव. कारण साधं होतं: पक्ष भरपूर, एकेका यादीला बहुतेक ठिकाणी एकच जागा मिळाली, आणि पहिलं नाव बहुधा पुरुषाचं. २०१८ च्या नगरपालिका निवडणुकीत दुसरी अट आली: पक्षाच्या निम्म्या याद्यांच्या शिरावर महिला हव्यात. महिला नगरसेवकांचं प्रमाण ४७ टक्क्यांवर गेलं. दोन्ही अटी आहेत का, हे कायद्यात शोधाच. मग सप्टेंबर २०२२ च्या हुकुमाने संसदेसाठी याद्याच काढून टाकल्या, एकसदस्यीय मतदारसंघ आणले. उमेदवाराला लागणाऱ्या मतदारांच्या ४०० अनुमोदनांत निम्मी स्त्रियांची हवीत, एवढीच समानता उरली, आणि संसदेतला महिलांचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास घसरला.

अल्जीरियाचं उदाहरण याहून तिखट आहे. २०१२ मध्ये बंद याद्या होत्या, म्हणजे मतदाराला यादीतलं नाव निवडता येत नव्हतं, आणि जिंकलेल्या जागांतही महिलांचा वाटा बांधलेला होता. ४६२ पैकी १४६ महिला आल्या. २०२१ मध्ये याद्या खुल्या झाल्या. उमेदवारीत समानता होती, पण मतदार नाव निवडणार, आणि जिंकलेल्या जागांत हमी नाही. प्रमाण आठ टक्क्यांवर आलं. उमेदवारीतला कोटा आणि जागेतला कोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत त्यांची सर्रास गल्लत होते.

अपूर्णांकाचा नियमही तपासा. इंडोनेशियात प्रत्येक यादीत किमान ३० टक्के महिला हव्यात. आठ उमेदवारांचे ३० टक्के म्हणजे २.४. निवडणूक आयोगाने २०२३ मध्ये ते खाली, दोनवर आणायला परवानगी दिली. म्हणजे प्रत्यक्षात २५ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तो नियम कायद्याविरुद्ध ठरवला, तरी ३० टक्क्यांखालच्या याद्या २०२४ च्या मतपत्रिकेवर राहिल्याच.

त्यानंतर शिक्षेचं कलम पाहा. सेनेगलच्या २०१० च्या कायद्यानुसार समानता न पाळणारी यादी बाद होते, तरी २०१४ मध्ये तूबा शहरात संपूर्ण पुरुषांची यादी चालून गेली. पाकिस्तानात २०१७ च्या कायद्याने पक्षांना सर्वसाधारण जागांवर किमान पाच टक्के महिला उमेदवार द्यावे लागतात; पण कोणत्या जागांवर, हे पक्ष ठरवतो. पक्ष मागच्या वेळी त्या जागेवर कितव्या क्रमांकावर होता, ते प्रत्येक नावासमोर लिहा. हरणाऱ्या जागा महिलांच्या गळ्यात मारल्यात का, ते लगेच दिसतं.

मतदार महिलांकडे दुर्लक्ष करू नका. पाकिस्तानच्या याच कायद्यात दहा टक्क्यांचा नियम आहे आणि तो बऱ्याचदा चुकीचा सांगितला जातो. तो नोंदणीकृत महिलांच्या दहा टक्के नव्हे, झालेल्या एकूण मतदानाच्या दहा टक्के. ५०,००० मतं पडली तर त्यात महिलांची ५,००० हवीत. कमी असल्यास आयोग निकाल रद्द करू शकतो. २०१८ मध्ये शांगला जिल्ह्यातल्या पीके-२३ या प्रांतिक विधानसभेच्या मतदारसंघात असाच निकाल रद्द होऊन फेरमतदान झालं. म्हणून मतदानाचे आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे मिळवा. राष्ट्रीय ओळखपत्र नसेल तर मतदार यादीत नावच येत नाही, तेव्हा ओळखपत्रांतली स्त्री-पुरुष तफावतही त्यासोबत जोडा.

प्रत्येक आकड्याला महिना आणि वर्ष लावा. आंतर-संसदीय संघ या देशोदेशींच्या संसदांच्या संघटनेची क्रमवारी सोयीची आहे, पण संसद विसर्जित किंवा स्थगित असते तेव्हा ती जपून वापरा. कुवेतमध्ये महिलांना २००५ साली मताधिकार मिळाला, २००९ मध्ये चौघी निवडून आल्या, आणि मे २०२४ मध्ये संसदच स्थगित झाली. अफगाणिस्तानच्या कनिष्ठ सभागृहात २४९ पैकी ६८ जागा राखीव होत्या; ऑगस्ट २०२१ नंतर ते सभागृहच राहिलं नाही. इजिप्तने २०१० साठी ६४ राखीव जागा दिल्या, क्रांतीनंतर त्या काढल्या आणि २०१२ च्या संसदेत महिला दोन टक्क्यांच्या आसपास उरल्या. २०१९ च्या घटनादुरुस्तीने किमान पाव जागा ठरवल्या.

जिथे उमेदवारी अर्जांची छाननी राजकीय असते, तिथे एका आकड्याने भागत नाही. इराणमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी संविधानाच्या ११५ व्या कलमात ‘रिजाल’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ पुरुष की राजकारणातली मातब्बर मंडळी, हा वाद जुना आहे. महिला दरवेळी अर्ज भरतात, आणि उमेदवारांची छाननी करणाऱ्या पालक परिषदेने आजवर एकीलाही मंजुरी दिलेली नाही. अशा देशासाठी अर्ज भरलेल्या, मंजूर झालेल्या, लढलेल्या आणि जिंकलेल्या महिलांचे चार आकडे शेजारी-शेजारी मांडा, म्हणजे गळती नेमकी कुठे होते ते सापडतं.