पोहे, कणीस आणि खळ: मुलांबरोबर काटकसरीनं करताना या चुका टाळा

काटकसरीचं काही करायचं ठरलं की आपण आधी बाजार गाठतो आणि पहिली चूक तिथंच होते. इंदूरच्या सियागंज या ठोक बाजारात भाव स्वस्त मिळतो म्हणून पाच-सहा किलो पोहे घरी येतात, पावसाळा लागतो आणि अर्धा डबा किडीच्या हवाली होतो. मुलांच्या कलाकुसरीसाठी थर्मोकोल, चमकी, गोंदाच्या बाटल्या आणल्या जातात आणि एकदा वापरून उरलेलं सगळं कपाटात वाळून जातं. आठवड्यातून दोनदा पोहे करणाऱ्या चौघांच्या घराला महिन्याला दोन-अडीच किलो पोहे पुरतात. तेवढेच आणा. कलाकुसरीचं सामान स्वयंपाकघरातूनच निघावं, असं माझं ठाम मत आहे. त्यात बिघडतं ते बहुधा प्रमाण आणि वेळ चुकल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टी मुलंसुद्धा सांभाळू शकतात.

पोह्यांचा लगदा का होतो

पोहे पाण्यात बुडवून ठेवले म्हणून. इंदुरी पोह्यांना जाड पोहेच लागतात. पातळ पोहे चिवड्याला ठेवा. चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि झाकून पाच-सात मिनिटं ठेवा. मग मुलाला एक पोहा बोटांनी दाबायला सांगा. सहज चिरडला तर तयार, मधे कडक कण लागला तर पाण्याचा एक हबका मारून आणखी थोडं थांबायचं. हळद, मीठ, साखर याच वेळी हलक्या हातानं मिसळा. कढईत घालून ढवळत बसलं की पोहे मोडतात. फोडणीत मोहरीबरोबर बडीशेप हवीच, नाहीतर ते आपल्या इंदूरचे पोहे होत नाहीत.

ठेल्यावरचे पोहे सकाळभर मऊ राहतात, कारण ते उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात. घरी पातेल्यात दोन पेले पाणी उकळून वर चाळणी ठेवली की तेच साधतं. पाणी चाळणीच्या तळाला टेकू देऊ नका. वाफेचा चटका जोरात बसतो, म्हणून हे काम मोठ्यांनीच करायचं. लिंबू पिळणं, शेव आणि जीरावन (पोह्यांवरचा चटपटीत मसाला) भुरभुरणं मुलांकडे.

पोहे गिच्च झालेच तर टाकू नका. परातीत पसरून दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. तरीही चिकट वाटले तर त्यात बेसन, कोथिंबीर आणि थोडा ओवा घालून थालीपिठं थापा.

घरच्या जीरावनाची तक्रार एकच: गुठळ्या. धणे, जिरे, बडीशेप, लवंग, दालचिनी, सुक्या मिरच्या भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मगच दळा. आमचूर आणि काळं मीठ ओलावा ओढून घेतात, म्हणून ते दळून झाल्यावर मिसळायचं आणि पावसाळ्यात छोट्या बाटलीत थोडं थोडंच करायचं.

आणि पोहे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर देऊ नका. छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं आहे. रद्दी कलाकुसरीसाठी राखून ठेवा.

शिळ्या भाताची घाई-दिरंगाई

शिळी पोळी कुस्करून फोडणी द्यायला काहीच हरकत नाही. भाताचं मात्र तसं नाही. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. रात्रीचा भात ओट्यावर राहिला असेल तर सकाळी त्याचा फोडणीचा भात करून मुलांच्या डब्यात देणं धोक्याचं आहे; तो टाकून दिलेला बरा. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच फ्रिजमध्ये ठेवा.

भुट्ट्याचा कीस

पावसाळ्यात हातगाडीवर देशी भुट्टे दिसू लागले की हा पदार्थ मुलांबरोबर करायलाच हवा, कारण एका कणसातून खाणं आणि खेळणं दोन्ही निघतं. दाण्यात नख खुपसून बघा. पांढरं दूध आलं पाहिजे. दूधच आलं नाही तर दाणा जून झालाय आणि कीस रवाळ, कच्चट लागेल. तरीही आणलाच असेल तर दूध वाढवा आणि झाकण ठेवून मंद आचेवर जास्त वेळ शिजवा. स्वीट कॉर्न वापरलं तर उलट घडतं: पाणी खूप सुटतं, चव गोडमिट्ट होते. तेव्हा जास्त वेळ परता, दूध निम्मं करा आणि साखर घालूच नका.

चार कणसांच्या किसाला दोन मोठे चमचे तूप घ्या. मोहरी, जिरं, हिंग, आलं-मिरची यांच्या फोडणीत कीस घालून मंद आचेवर परता. कच्चा वास जाऊन कीस कढईच्या कडा सोडू लागेपर्यंत दूध घालायचं नाही. सगळ्यात जास्त घाई इथंच होते आणि मग खाताना पिठूळ लागतं. नंतर वाटीभर कोमट दूध, ते आटल्यावर मीठ. लिंबू गॅस बंद करून, कीस जरा निवल्यावर. आधी पिळलं तर दूध फाटतं आणि कीस दाणेदार, आंबूस दिसतो.

किसायचं काम मुलांना आवडतं. देठाकडून कणीस धरायला शिकवा आणि शेवटचे दोन बोटं अंतर उरलं की थांबवा. उरलेली बुरकुंडं पाण्यात उकळून ते पाणी आमटीला वापरता येतं.

आता पानं. कणसाच्या पानांच्या बाहुल्या करताना ताजी हिरवी पानं बांधली जातात. दोन दिवसांत ती आकसतात, दोरा सैल होतो आणि बाहुलीची मान गळून पडते. आधी पानं पूर्ण वाळवा. पावसाळी हवेत गॅलरीत ठेवली तर बुरशी धरते, म्हणून पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरा, रोज उलटा. करायला बसताना दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवली की ती कापडासारखी वळतात. तेव्हा दोरा आवळा. कणसावरचे सोनेरी रेशमी तंतू बाहुलीचे केस होतात. तेही वाळवूनच लावा.

खळ आणि कागदाचा लगदा

विकतचा गोंद आणायची गरज नाही, खळ करा. एक वाटी मैद्याला चार ते पाच वाट्या पाणी. गुठळ्या होतात त्या मैदा थेट गरम पाण्यात टाकल्यानं. आधी थोड्या गार पाण्यात सरसरीत कालवा, मग उरलेलं पाणी घाला आणि सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन मिश्रण अर्धपारदर्शक दिसलं की उतरवा. गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून कढईत असताना पातळच वाटायला हवं. खळ कागद, पुठ्ठा, पतंग चिकटवते. प्लास्टिकवर धरत नाही.

खळ टिकावी म्हणून जुने लोक त्यात मोरचूद घालत. मुलं ज्याला हात लावणार, बोटं चाटणार, त्यात मोरचूद अजिबात नको, ते विषारी आहे. लागेल तेवढीच करा आणि उरलेली झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवा. आंबूस वास आला की ओल्या कचऱ्यात.

लगद्यासाठी वर्तमानपत्र फाडून रात्रभर भिजवा, कुस्करा, पाणी पिळा आणि खळ मिसळा. चूक होते ती जाड थर एकदम लावण्याची. वरून कोरडं दिसतं, आत ओलं राहतं आणि आठवड्यात काळे ठिपके येतात. साच्याला तेलाचा हात लावा, पातळ थर द्या, तो खडखडीत वाळल्यावरच दुसरा. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम हातीच घेऊ नका. मार्च-एप्रिलचं कोरडं ऊन त्याला योग्य. तयार वाटीत पेन, बटणं, चिंचोके ठेवा. खाण्याचं काही ठेवू नका.

रंग घरचाच द्यायचा असेल तर हळद आणि रंगपंचमीच्या सुमारास फुलणारा पळस हाताशी आहेत. पळसाची फुलं पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग उतरतो. हे रंग उन्हात विटतात, म्हणून रंगवलेली वस्तू सावलीत वाळवा. हळदीच्या रंगावर साबणाचा हात लागला तर लाल डाग उठतो. वर लिंबाचा रस लावला की पिवळा परत येतो. मुलांना मुद्दाम करून दाखवा, नंतर ती स्वतःच साबण आणि लिंबू घेऊन बसतील.

चमकी आणि थर्मोकोल मात्र यात मिसळू नका. साधी खळ-कागदाची मोडकी वस्तू सुक्या कचऱ्यात सरळ जाते. चमकी चिकटली की ती वेगळी करता येत नाही आणि सकाळी कचरा गाडीपाशी ती कोणत्या डब्यात टाकायची हाच प्रश्न पडतो.