नवी पार्टी ‘प्रक्रिया सुरू’वरच अडकते? ऑनबोर्डिंग वर्कफ्लोमधल्या या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरी किंवा युनिफॉर्मचा होलसेल धंदा करणाऱ्यांपैकी काही जण आता नवी पार्टी, म्हणजे माल घेणारा नवा ग्राहक, ऑनबोर्डिंग सॉफ्टवेअरमधून (नव्या ग्राहकाची नोंद टप्प्याटप्प्याने करून घेणाऱ्या) जोडतात. फॉर्म, कागदपत्रं, उधारीची मर्यादा, पहिला माल, असा सगळा सरळ मामला. तरी एखादी पार्टी मध्येच लटकते आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात. बऱ्याचदा दोष असतो तो जिथे उत्तरानुसार पुढच्या कामांचा (टास्कचा) फाटा फुटतो तिथल्या प्रश्नात.

रिकाम्या उत्तराला वाटच नसणं

‘जीएसटी नंबर आहे का?’ होय असेल तर एक फाटा, नाही असेल तर दुसरा. पार्टीने प्रश्न सोडूनच दिला तर? दोन्ही अटी लागू होत नाहीत, पुढचा टास्क उघडत नाही आणि कुठे लाल खूणही दिसत नाही. प्रश्न बंधनकारक करा. तरीही ‘वरीलपैकी काहीच नाही’ असा तिसरा फाटा ठेवाच. त्यात एकच टास्क पुरे: पार्टीला फोन करून विचारणे.

उत्तर टाइप करायला दिलं तर ‘हो’, ‘आहे’, ‘अर्ज टाकलाय’ असं काहीही येतं. ड्रॉपडाउनच द्या. आपल्याकडे त्यात आणखी एक मेख आहे. फॉर्म मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही ठेवला आणि अट ‘होय’ या दिसणाऱ्या शब्दावर लावली, तर ‘हौदु’ किंवा ‘अवुनु’ निवडणारी पार्टी भलत्याच वाटेला लागते. अट पर्यायामागच्या, सॉफ्टवेअरमधल्या न दिसणाऱ्या कोडवर लावा. तो कोड तिन्ही भाषांत एकच हवा.

नंबरात आहे तेच पुन्हा विचारणं

जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगण. आपल्या राज्यातल्या नोंदणीवरून २७ वाल्या पार्टीला इथेच माल दिला की सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर). कर्नाटकातल्या विजयपूर किंवा कलबुर्गीला गेला की आयजीएसटी (आंतरराज्य कर). पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर धंद्याचा प्रकार सांगतं: ‘पी’ व्यक्ती, ‘सी’ कंपनी, ‘एच’ एकत्र हिंदू कुटुंब, ‘एफ’ फर्म. एलएलपीलाही (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) ‘एफ’च असतो, म्हणून तेवढ्यासाठी भागीदारी की एलएलपी हे विचारा. बाकीच्यांना कशाला छळायचं? प्रश्न कमी, तितके फाटेही कमी. होय-नाहीचे तीन स्वतंत्र प्रश्न ठेवले तरी आठ वाटा होतात, आणि त्या आठही तपासाव्या लागतात.

फाटे परत जुळताना

बऱ्याच पार्ट्या इथे अडकतात. ‘पहिला माल रवाना’ हा टास्क आधीचे सगळे टास्क संपल्यावर उघडेल असं ठरवलेलं असतं. पण रोखीने घेणाऱ्या पार्टीचा उधारीचा फाटा कधी उघडलेलाच नसतो. काही सॉफ्टवेअर न उघडलेला टास्कही ‘बाकी’ धरतात आणि माल गोदामातच बसतो. वाट बघायची ती फक्त लागू असलेल्या टास्कची, अशी सेटिंग आहे का बघा. नसेल तर दोन्ही फाट्यांच्या शेवटी ‘व्यवहाराच्या अटी ठरल्या’ ही एकच खूण लावा आणि पुढचा टास्क तिला बांधा.

पार्टीने रोख म्हणून नंतर उधारी मागितली, तर जुन्या फाट्यातले उघडे टास्क आपोआप बंद होतीलच असं नाही. उत्तर बदलल्यावर अट पुन्हा तपासली जाते का, हे आधीच करून बघा.

टास्कबद्दल थोडक्यात. ‘केवायसी’ (ग्राहकाची ओळख पडताळणं) हे टास्कचं नाव होऊ शकत नाही. ‘कॅन्सल चेकवरचं नाव पॅनशी जुळवणे’ हे होतं. टास्क ‘ऑफिस’च्या नावावर टाकला की तो कुणाचाच नसतो. आणि ‘बाजारात पत विचारणे’ हा टास्क पार्टीला तिच्या स्क्रीनवर दिसत नाही ना, एवढं नक्की पाहा! मुदत मोजताना सुट्ट्या वगळा, नाहीतर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सगळेच टास्क उशिराचे दिसतात.

टेम्पलेट (वर्कफ्लोचा मूळ साचा) सुधारलं तरी चालू असलेल्या पार्ट्या बहुधा जुन्याच वाटेने जातात. एखादी अडकली असेल तर आधी तिचा इतिहास उघडा आणि शेवटची तपासलेली अट शोधा. त्या अटीतलं उत्तर रिकामं आहे का ते बघा. भरलेलं असेल, तर पुढचा टास्क कुणाची वाट बघतोय ते तपासा.