३०६० घ्यावं की ४०६०? ग्राफिक्स कार्डांची तुलना करताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे जुन्या पीसीत एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरलं की गाडी बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: "भो, ३०६० लेऊ की ४०६०?" उत्तर देणारे दहा जण भेटतात आणि दहाही जण मोबाइलवर कुठला तरी तक्ता उघडून दाखवतात. तक्ता खोटा नसतो, पण तो चुकीचा वाचला जातो.

कोअर मोजून निकाल लावू नका

एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६० आलं २०२१ च्या फेब्रुवारीत. ३५८४ कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस (मेमरीकडे डेटा नेणारा रस्ता). ४०६० आलं जून २०२३ मध्ये. ३०७२ कोअर, ८ जीबी, १२८ बिट. म्हणजे नवं कार्ड या तिन्ही रकान्यांत मागे. तरीही १०८० पी गेमिंगमध्ये ते साधारण १५ ते २० टक्के पुढे असतं.

कारण कोअर किती यापेक्षा ते कोणत्या पिढीचे आणि किती वेगाने पळतात हे मोठं. ३०६० चा बूस्ट क्लॉक (कामाच्या वेळी कोअर गाठतात तो वेग) १७७७ मेगाहर्ट्झ, ४०६० चा २४६०. दोन पिढ्यांचे कोअर एकमेकांशी तोलणं म्हणजे बैलजोडी आणि ट्रॅक्टरच्या शेतातल्या फेऱ्या मोजणं. याचा सगळ्यात चांगला दाखला जुना आहे: ३०६० च्या आधीच्या पिढीच्या २०८० टीआय कार्डामध्ये ४३५२ कोअर होते, ३०६० च्याच पिढीच्या ३०७० मध्ये ५८८८, आणि गेममध्ये दोन्ही जवळपास बरोबरीत. मधल्या काळात कोअर मोजायची रीतच बदलली होती.

मेमरीचा वेग मात्र घरी काढता येतो. बसचे बिट भागिले ८, गुणिले मेमरीचा जीबीपीएस. ३०६० साठी १९२ ÷ ८ × १५ = ३६० जीबी प्रति सेकंद. ४०६० साठी १२८ ÷ ८ × १७ = २७२. ही तूट भरून काढायला ४०६० मध्ये एल२ कॅशे (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी केली आहे. १०८० पीला ती पुरते. रिझोल्युशन वाढवलं की कॅशेची जादू कमी होते आणि अरुंद बस जाणवायला लागते.

आणखी एक. कंपनीच्या आलेखात ४०६० चा खांब दुप्पट उंच दिसला तर खाली बारीक अक्षरात फ्रेम जनरेशन चालू आहे का ते बघा. त्यातल्या मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः तयार केलेल्या असतात. दिसायला गुळगुळीत, पण माऊसचा प्रतिसाद तेवढा वाढत नाही. ३०६० ला एनव्हीडियाची ही सोय नाही, त्यामुळे तो सामनाच बरोबरीचा नाही.

नाव तेच, माल वेगळा

३०६० ची ८ जीबीची आवृत्तीही आहे. तिच्यात नुसती मेमरी कमी नाही, बससुद्धा १२८ बिट आहे, म्हणजे वेग ३६० वरून २४० वर. डब्यावर "३०६०" एवढंच ठळक असतं. जीटी १०३० या कार्डात तर याहून वाईट प्रकार होता: जीडीडीआर५ वाल्याचा मेमरीचा वेग ४८ जीबी, डीडीआर४ वाल्याचा जेमतेम १६.८. लॅपटॉपमधलं ४०६० हेही वेगळंच प्रकरण. लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ वॅट देतो की ११५, यावर सगळं ठरतं. दुकानदाराला तो आकडा विचारा, त्याने टाळलं तर मॉडेल नंबर घेऊन स्वतः शोधा.

नवं कार्ड टाकलं, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढलेच नाहीत?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि बहुतेकदा कार्डाचा दोष नसतो. क्रमाने बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला तर राहिली नाही ना? हसू नका, हे रोज घडतं. मग गेम चालू असताना जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर बघा. तो ५०-६० टक्क्यांवर अडकला असेल आणि एफपीएसवर तुम्ही स्वतः मर्यादा घातली नसेल, तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर दमलाय. आठव्या-नवव्या पिढीच्या आय५ वर हे नेहमीचं. रॅमची एकच स्टिक असेल तर आधी दुसरी टाका, ती कार्डापेक्षा स्वस्त आहे.

त्यानंतर स्लॉट. ३०६० पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या) १६ लेन वापरतं, ४०६० फक्त ८. नव्या बोर्डवर फरक पडत नाही. पण पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डवर ४०६० ला निम्माच रस्ता मिळतो, आणि ८ जीबी मेमरी भरून डेटा रॅममध्ये सांडायला लागला की गेम अडखळतो. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून "बस इंटरफेस" ची ओळ वाचा. कार्ड निवांत असताना तिथे १.१ दिसतं, घाबरू नका. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा, मग खरा आकडा दिसेल. ड्रायव्हर आधीच्या दुसऱ्या कंपनीच्या कार्डाचे राहिले असतील तर डीडीयूने (ड्रायव्हर पुसून काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) साफ करून नव्याने टाका.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनो, गेमचे तक्ते बाजूला ठेवा

लग्नसराईत ज्यांचं पीसीवर पोट आहे, त्यांचा हिशोबच निराळा. ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन टाकलं की डा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर जीपीयू मेमरी भरल्याचा निरोप देतं. इथे "मंद" ३०६० ची १२ जीबी कामाला येते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठे सीन करणाऱ्यांनाही तेच लागू.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक यापुढची. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत ४:२:२, १० बिट, एच.२६५ या जास्त रंग साठवणाऱ्या व्हिडिओ प्रकारात शूट करता येतं. हे फुटेज ३०६० आणि ४०६० दोघांनाही हार्डवेअरवर उलगडता येत नाही. एनव्हीडियाने ती सोय ५० मालिकेत दिली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स मात्र ते करतं. म्हणून पैसे वाचवायला नावामागे "एफ" असलेला प्रोसेसर घेतला, की त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं आणि टाइमलाइन ३० किंवा ४० मालिकेच्या कितीही महागड्या कार्डाने नीट हलत नाही. एव्ही१ या व्हिडिओ प्रकारात हार्डवेअरवर एक्सपोर्ट करायचं असेल तर ते ४०६० ला येतं, ३०६० ला नाही.

आपला उन्हाळा तक्त्यात नसतो

चाचण्या होतात वातानुकूलित खोलीत, २१-२५ अंशांवर. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ पर्यंत जातो. खोली जितकी तापते तितकंच कार्डही चढतं: २२ अंशांच्या खोलीत ६८ दाखवणारं कार्ड ४० अंशांत, पंखे तेवढेच फिरले तर, ८६ च्या घरात जाणार. ८३ च्या आसपास पोचलं की कार्ड स्वतःच वेग उतरवायला लागतं. मग तक्त्यातला फरक तक्त्यातच राहतो. इथे ४०६० चे ११५ वॅट विरुद्ध ३०६० चे १७० वॅट हा फरक मला कोअरच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. ५५ वॅट कमी उष्णता म्हणजे कॅबिनेटही थंड, पंख्यांचा आवाजही कमी.

कुलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका. आपल्याकडचं पाणी जड, त्याचे पांढरे कण हीटसिंकच्या पात्यांवर बसतात. जिनिंगजवळ राहत असाल तर कपाशीच्या हंगामात पंख्याच्या मागे कापसाचा थर साचतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

वीज गेली की पीसी लगेच बंद पडतो, ही तक्रारही कार्डाच्या माथी मारली जाते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटच झेलतो. गेम चालू असताना प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर मिळून भार तेवढ्याच्या जवळ जाऊ शकतो. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) दोन्ही कार्डांना ५५० वॅटचा सांगितलाय, तो नावाजलेल्या कंपनीचा घ्या.

जुनं कार्ड घेताना

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून नाणी मिळवणं) थांबलं आणि खूप ३०६० कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणून लगेच नाकारू नका, पण विकणाऱ्याकडे बसून अर्धा तास लोड देऊन बघा: तापमान, पंख्याचा आवाज, पडद्यावर ठिपके. जीपीयू-झेडमध्ये बसचे बिट आणि मेमरी जुळवा. बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेलं बनावट कार्ड असेल तर तिथे नावाआधी "फेक" असं लिहून येतं. बिलावरचा सिरियल नंबर कार्डाच्या मागच्या स्टिकरशी जुळत नसेल तर वॉरंटी धरूच नका, आणि भाव त्याच हिशोबाने करा.