स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर शिकायला जाताय? या चुका टाळा

आमच्या इंदुरातली दोन-तीन पोरं दरवर्षी फोन करतात. "काका, ड्रायव्हिंग कोर्सला नाव घातलंय, गाडीत काय काय करून घेऊ?" मी म्हणतो, ब्रेक ऑइल बदल. पलीकडे शांतता. त्यांना एक्झॉस्टबद्दल ऐकायचं असतं.

माझीच फजिती सांगतो. सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-४ घेतली त्याच वर्षी ती चालवत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर नेली. सर्व्हिस नुकतीच झालेली, म्हणून मी निर्धास्त. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे विचारायचं सुचलंच नाही. त्या ५.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला चौथं वळण, जिथं सगळा वेग ब्रेकवरच उतरवावा लागतो. दुसऱ्या सत्रात पाचव्या फेरीला पेडल जरा मऊ लागलं. म्हटलं, भास असेल. सहाव्या फेरीला ते थेट मॅटला टेकलं. शेजारचे इन्स्ट्रक्टर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पंप करा. वळवू नका, सरळ जाऊ द्या." चार-पाचदा दाबल्यावर थोडा ब्रेक लागला आणि आम्ही वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबलो. तिथं भिंत असती तर हे लिहायला मी नसतो.

कारण साधं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा नेहमीचा दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. शहरात काही कळत नाही. पण वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ट्रॅकवर हे दर फेरीला होतं. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि तुमचा पाय ते बुडबुडेच दाबत बसतो.

मी आता कोर्सच्या आठवडाभर आधी सीलबंद डबा आणून चारही चाकांचं ऑइल समोर उभं राहून बदलून घेतो. उरलेला डबा ठेवत नाही. उघडला की तोही ओल पितोच. आणि आकडा मोठा म्हणून डॉट ५ ओतू नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, डॉट ५ वेगळं.

तापलेले ब्रेक निवावेत म्हणून शेवटची फेरी हळू मारा, ब्रेक न वापरता. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथं, हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा.

दुसरी चूक म्हणजे पहिल्याच सत्रात स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, बंद करणं. "काका, त्याशिवाय मजा येत नाही." अरे बाबा, वळणाच्या मध्यावर घाबरून तू अॅक्सिलरेटर सोडणार, वजन पुढं जाणार, मागची चाकं हलकी होणार आणि गाडी शेपूट फिरवणार. ती यंत्रणा काम करू लागली की डॅशबोर्डवर लुकलुकणारा दिवा फुकटचा मास्तर आहे. मी एका फेरीत तो किती वेळा लागला ते मोजायचो. अख्ख्या सत्रात एकदाही लागला नाही, तेव्हा इन्स्ट्रक्टरांना विचारलं, आता यंत्रणा बंद करू का? तेही म्हणाले, अजून एक दिवस थांबा.

रात्री एकला इंदुरातल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर 'प्रॅक्टिस' करणाऱ्यांशी मी बोलत नाही. "इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक असताना नोएडा कशाला?" असं विचारणाऱ्यांशी बोलतो, थोडंसं. २०२१ मध्ये सुरू झालेला तो नॅट्रॅक्सचा ट्रॅक लंबगोल आहे, गाड्यांची चाचणी घेण्यासाठी बांधलेला. तिथं वेग टिकवता येतो. ब्रेक कुठं सोडायचा, हे तिथं कोण शिकवणार?

बाकीचं भराभर. सीट इतकी पुढं घ्या की ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा वाकलेला राहील. बॉनेटकडे नाही, वळण जिथं संपतं तिकडे बघा. पायाखालची मॅट आणि पाण्याची बाटली बाहेर काढा. चाकांचे नट टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानं, तपासा, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या अंदाजानं नाही.

विम्याचे कागद आधी वाचा. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. कोर्स म्हणजे शर्यत नव्हे, हे दावा करताना समजावत बसण्यापेक्षा कंपनीकडून आधी लेखी घ्या.

टायर तापले की हवा पाच-सात पीएसआय सहज चढते. मी पिटमध्ये येताच मोजतो, जास्तीची काढतो आणि वहीत लिहितो. घरी निघताना ती परत भरायची असते. एक गृहस्थ हे विसरून आठशेच्या आसपास किलोमीटर तसेच आले आणि इंदुरात पोहोचल्यावर मला म्हणाले, "कोर्सनंतर गाडी जरा जड चालतेय हो."